नीवेसबद्दल मी लिहिलेलं वाक्य

मिलानच्या एका संग्रहालयानं माझ्या पस्तीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. फॅशन मासिकांची मुखपृष्ठं, चित्रकारांचे कॅटलॉग, पोस्टरं. कपडे एकाचे, कॅमेरा दुसऱ्याचा, पण चित्र कसं दिसायला हवं ते ठरवायचे मी. कला दिग्दर्शकाचं काम तेच.

मांडणी करणारा एत्तोरे म्हणाला, "सिन्योरा तुलिया, दारातच कोमाक्कियोचा फोटो लावू. लोक तुम्हाला त्यावरूनच ओळखतात."

"त्यातल्या मुलीला विचारावं लागेल."

"कागदोपत्री काही गरज नाही हो."

"मला आहे," मी म्हटलं.

ती मुलगी म्हणजे नीवेस झोर्झुत. तेव्हा एकोणीस वर्षांची. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत कोमाक्कियोच्या खाजणात, घोटाभर बर्फगार पाण्यात, रेशमी झग्यात मी तिला अनवाणी उभं केलं होतं. धुकं अगदी हवं तसं उतरलं होतं. ती दोनदा म्हणाली, "तुलिया, मला पाय जाणवत नाहीयेत." फोटोग्राफरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पाचच मिनिटं." त्यानंतर चाळीस मिनिटं आम्ही काम केलं.

गारठ्यानं काळी पडलेली तिच्या डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. तिला मॉडेलिंगची कामं देणाऱ्या एजन्सीनं खुलासा मागितला तेव्हा मी लिहिलं, 'आम्ही बाहेर ये म्हणत होतो, तीच हट्टानं थांबली.' नीवेसला पुन्हा कुणी काम दिलं नाही. मला त्या फोटोसाठी पारितोषिक मिळालं आणि वर्षभरात एका मोठ्या मासिकानं बोलावून घेतलं. मी तिला एकदाही भेटायला गेले नाही. कामाचं निमित्त मला नेहमीच सापडायचं.

बावीस वर्षांनी मी उदिनेला गेले. तिथं तिचं चष्म्याचं दुकान आहे. एका चष्म्याचा स्क्रू घट्ट करत ती बसली होती. तिनं मला लगेच ओळखलं. रागावेल असं वाटलं होतं, पण तिनं खुर्ची पुढे केली, कॉफी मागवली. मी प्रदर्शनाचं सांगितलं, फोटो लावू का विचारलं.

"लावा की फोटो," ती म्हणाली. "छानच आहे तो. तेव्हा फार हट्टी होते मी. तुमची सगळ्यांची पंचाईत केली."

"कोण म्हणतं हट्टी होतीस?"

"एजन्सीनं तुमचं पत्र दाखवलं होतं ना. मला तर नंतर आलेल्या तापामुळे त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. बाबा मरेपर्यंत म्हणायचे, स्वतःच्या हट्टानं बोटं घालवलीस."

तिला काही आठवत नव्हतं. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं, आणि खरं सांगते, तसा विचारही केला. कॉफी संपवली. मग म्हटलं, "नीवेस, पाय जाणवत नाहीयेत असं तू दोनदा म्हणाली होतीस. मी थांबले नाही. पत्रातलं ते वाक्य खोटं होतं."

तिनं स्क्रू पुरता बसवला. चष्मा पुसून डबीत ठेवला.

"बाबांना जाऊन चार वर्षं झाली," ती म्हणाली. "ते असताना का नाही आलात?"

"धीर झाला नाही."

"आणि आज प्रदर्शन आहे म्हणून झाला."

तिनं दुकानाचा कोरा कागद पुढे सरकवला. "आत्ता बोललात ते लिहून द्या. आई आहे अजून. तिला वाचू दे. आणि फोटो लावायचा नाही."

मी लिहिलं, सही केली. एत्तोरे खूप चिडला. मी त्याला कारण सांगितलं, तेव्हापासून तो मला जरा जपूनच भेटतो. प्रदर्शन त्या फोटोशिवाय झालं. उद्घाटनाला लोकांनी माझं कौतुक केलं आणि मी मान खाली घालून ते ऐकलं.

पुढच्या आठवड्यात एका म्हातारीचा फोन आला. "मी नीवेसची आई. तुमचं पत्र वाचलं. एकच विचारायचंय."

"विचारा ना."

"त्या दिवशी तुमच्या पायात बूट होते का?"

"होते," मी म्हटलं. "आतून लोकर लावलेले."

त्यांनी फोन ठेवला.