मिर्यामचं ‘बघू या’

मिर्याम कास्तिब्लांकोला या कामातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. उबात्याच्या दूधसंघाचं संकलन केंद्र, तिथल्या प्रमुखाची खुर्ची, आणि त्या खुर्चीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर स्वतःचं घर. घरात नवरा आणि दोन मुली. सध्या ती आठवडाभर बोगोतात भाड्याच्या खोलीत राहायची आणि शनिवारी घरी जायची. मुली दार उघडून आत ओरडायच्या, “पपा, पाहुण्या आल्या!”

अट एकच होती. संघ आमच्या कंपनीकडून टँकरवाल्यांसाठी एक ॲप करून घेत होता. ते ईस्टरच्या आधी कारूपा गावाच्या वाटेवर चालून दिसलं, की केंद्र तिचं. नाही चाललं, तर संघाचे अध्यक्ष दोन एवेलिओ पाचोन (हे ‘दोन’ आकड्यातलं नव्हे, आमच्याकडचं मानाचं ‘राव’) यांचा पुतण्या भांग पाडून बसलेलाच होता.

संघातर्फे मिर्याम आमच्याकडे प्रॉडक्ट ओनर म्हणून बसायची. नावात मालकी आहे, पण मालकी कशाची म्हणाल तर डोकेदुखीची. कुठलं काम आधी, कुठलं मागाहून, कुठलं कधीच नाही, हे तिनं ठरवायचं. ठरवलेलं सगळ्यांना समजेल असं सांगायचं. आणि दर पंधरवड्याला झालेलं काम बघून ‘घेतलं’ किंवा ‘परत’ म्हणायचं. कामांची सगळी उतरंड भिंतीवर चिठ्ठ्यांनी लावलेली असे आणि त्या चिठ्ठ्यांना तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता.

सगळ्यात वरची चिठ्ठी होती तपासणीची. टँकरवाल्यानं प्रत्येक गोठ्यावर दुधात थोडं अल्कोहोल घालून पाहायचं. फुटलं, तर कॅन परत. एका घरचं नासकं दूध टँकरभर दुधाचा घात करतं. हे सगळे टँकरवाले जाणतात, तरी कुणी तपासत नाही. कारण कॅन घेऊन उभा असतो तो कोम्पाद्रे, ज्याच्या पोराच्या बाप्तिस्म्याला तुम्ही उभे राहिलात. त्याला तोंडावर ‘तुझं दूध नासलंय’ कसं म्हणणार? म्हणून ही युक्ती: तपासणी भरल्याशिवाय फोन पुढे सरकणारच नाही. “मी कुठे नाही म्हणतोय, कोम्पाद्रे? हा फोन ऐकत नाही!” असं म्हणून टँकरवाला सुटेल. कल्पना मिर्यामचीच. आपली माणसं तिला चांगली ठाऊक होती.

एका सोमवारी दोन एवेलिओ आले. अंगावर लोकरीची रुआना, हातात गरम चीज-पावांचा पुडा. काळी कॉफी समोर आल्यावर त्यांनी घसा खाकरला.

“दोक्तोरा, डोक्यात एक आलंय.”

मिर्याम डॉक्टर नाही. पण आमच्या पठारावर टेबलामागे बसणारी प्रत्येक बाई दोक्तोरा असते.

“सांगा ना, दोन एवेलिओ.”

“मानाचा फळा! ज्याच्या गोठ्यातून जास्त दूध, त्याचा फोटो वर. मागे आपले डोंगर. सभासदांना कशी ईर्ष्या वाटली पाहिजे!”

“सगळ्यात वर कोणाचा फोटो, ते विचारायला नकोच,” अनीबाल चारिस माझ्या कानात म्हणाला. हा आमचा प्रोग्रामर. नुकताच बारांकियाहून, समुद्राकाठून आलेला. तिकडे पोपलाही अरे-तुरे करतील. इकडे नवरा-बायको भांडतातसुद्धा अहो-जाहो करत.

मिर्याम हसली. “किती सुंदर कल्पना! आमच्यापैकी कुणाला कशी सुचली नाही? बघू या हं, दोन एवेलिओ. नक्की बघू या.”

दोन एवेलिओंनी कॉफीत आणखी एक चमचा साखर घातली आणि ते पावसावर बोलू लागले. त्यांना नकार पोचला होता. कौतुक करून मग ‘बघू या’ म्हटलं, की आमच्याकडे दार लागलं समजायचं. समोरच्याचं बोट चेमटू नये एवढ्या बेतानं लावलेलं.

अनीबालला तो पोचला नाही. त्याच्या गावात नाही म्हणायचं असेल तर माणूस रस्त्याच्या पलीकडून ‘नाही’ असं ओरडतो, आणि मग येऊन मिठी मारतो. तरी बिचाऱ्यानं जिन्यात तिला गाठून विचारलंच.

“मिर्याम, तो फळा आधी घेऊ का मग?”

तिला उबात्याची बस गाठायची होती. “बघू या, अनीबाल, बघू या!” असं म्हणत ती निघून गेली.

तो पंधरवडा ती उबात्यातच होती. एकेका टँकरवाल्याच्या शेजारी बसून त्याची समजूत घालत होती. फोनवर विचारायची, “काम चाललंय ना?” अनीबाल म्हणायचा, “दणक्यात!” आणि खोटं नव्हतं ते. कार्निव्हलला सारं बारांकिया नाचत असताना त्यानं घरी जायचं तिकीट रद्द केलं आणि फळा रंगवत बसला.

पाहणीच्या दिवशी दोन एवेलिओ कोपऱ्यात बसले होते. अनीबालनं पडद्यावर फळा लावला. डोंगर, धुकं, आणि वर रुआना घातलेले दोन एवेलिओ. फोटो त्यानं संघाच्या दिनदर्शिकेतून उचलला होता.

म्हातारा उभाच राहिला. “अहो दोक्तोरा! मला वाटलं, तुम्ही नाही म्हणालात!”

मिर्यामनं पडद्याकडे पाहिलं. “आणि तपासणी?”

“ती पुढच्या पंधरवड्यात,” अनीबाल खुशीत म्हणाला. “तूच म्हणालीस ना, फळा बघू या?”

पठारावरच्या सगळ्यांना काय झालं ते कळलं. किनाऱ्यावरच्या एकट्यालाच कळलं नाही.

दोन एवेलिओंनी खुर्ची पुढे ओढली. “हरकत काय आहे? ठरल्या दिवशी हेच घेऊन जाऊ कारूपाला. तपासणीचं मागाहून घाला. टँकरवाल्यांनाही ती नकोच आहे. केंद्राचं काय ते मी मंडळाला सांगतो, तुम्ही निश्चिंत असा.”

एवढं सरळ बोलणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. केंद्र टेबलावर ठेवलं होतं. नुसतं उचलायचं होतं. आणि उचलायचं नसेल, तर दुसरी वाटही होती: या पोराला काही समजत नाही म्हणायचं आणि आणखी एकदा गोड हसायचं.

“नाही,” मिर्याम म्हणाली.

दोन एवेलिओंना वाटलं, पुढे काही येईल. आलं, पण निराळंच.

“हे मी घेत नाही, दोन एवेलिओ. तपासणीशिवाय ॲप टँकरवर चढणार नाही. एक पंधरवडा उशीर होईल, तो होऊ दे. आणि अनीबालची यात चूक नाही. मला नाही म्हणायचं होतं, मी म्हटलं नाही.”

“अगं, मग तेव्हाच म्हणायचंस की!” अनीबाल ओरडला. “माझा कार्निव्हल गेला, बाई!”

कुणाला तरी हसू फुटलं, ते खोकल्यात दडवलं गेलं. दोन एवेलिओ हसले नाहीत. फळा गेला, याचं त्यांना फार नव्हतं. तो एकदा त्यांनी सोडलाच होता. पण ‘नाही’ हा उघडा शब्द त्यांच्या तोंडावर, चारचौघांत, संघाच्याच बाईनं टाकला होता. त्यांनी टोपी उचलली, प्रत्येकाशी हात मिळवला, आणि उरलेले चीज-पाव खायचा सगळ्यांना आग्रह करून गेले.

तपासणी पुढच्या पंधरवड्यात झाली. मिर्याम रोज अनीबालशेजारी बसली आणि त्याच्या भाषेत बोलायला शिकली. “हे हवं. हे नको.” तो म्हणायचा, “बघ, जीव गेला का?” पंधरवडा उशिरा, पण ईस्टरच्या आधीच टँकर कारूपाच्या वाटेवर निघाला. तिसऱ्याच गोठ्यावर दूध फुटलं. टँकरवाल्यानं फोन कोम्पाद्रेच्या नाकासमोर धरला, दोघांनी मिळून फोनला शिव्या घातल्या आणि कॅन परत गेला. टँकर गोड दूध घेऊन उबात्यात पोचला.

संघानं समारंभ केला. दोन एवेलिओंनी मिर्यामचं इतकं कौतुक केलं, की ती बसल्या जागी समजली. कष्ट, निष्ठा, बुद्धी, तिच्या आईची तब्येत, काही राहिलं नाही. अशी हुशार बाई खेड्यातल्या केंद्रात अडकवणं पाप होईल, असंही म्हणाले. परतताना तिनं बोगोतातल्या घरमालकिणीला खोलीचा करार वाढवायला सांगितलं.

आता हिशेब. दोन एवेलिओंचा एक फोटो गेला. तो दिनदर्शिकेत अजून आहे. अनीबालचा एक कार्निव्हल गेला. तो दरवर्षी येतो. कोम्पाद्रेचा एक कॅन गेला. तो नासकाच होता. पुतण्याला केंद्र मिळालं, आणि ते चालवायला चांगलं ॲपही. त्याला काहीच द्यावं लागलं नाही. बाकी सगळं मिर्यामनं भरलं, आणि तिच्या दोन मुलींनी, ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं.