रिकाम्या चौकोनाचा सूर

मी एक जुना, कळा निखळलेला लॅपटॉप आहे आणि सोलापुरातल्या अंध मुलींच्या वसतिगृहात राहतो. मित्रांनो, इथे माझ्याकडे कोणी पाहत नाही, सगळ्या माझे ऐकतात.

एका ऑफिसने मला अडगळीत टाकले होते. इथे माझ्यात पडदा वाचून दाखवणारा आवाज भरला आणि मी बोलता झालो. इथे राहणाऱ्या बुद्धप्रियाने मला आलेखही वाजवायला शिकवले. आकडा चढला की माझा सूर चढतो, उतरला की उतरतो. प्रदर्शनात तिचे कौतुक झाले तेव्हा मीही फुलून गेलो. पुढे माझा स्पीकर फाटून खरखरू लागला, तो मात्र कोणी दुरुस्त केला नाही.

तिचे गाव उजनी धरणाच्या काठी. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तिचे बाबा, धोंडिराम, उघड्या गाळात भुईमूग लावतात आणि तिथेच खोपीत राहतात. परतीच्या वाटेवर ओढा आहे. धरण भरू लागले की तो आधी फुगतो आणि वाट बुडते. म्हणून पाणी किती चढले ते कळावे यासाठी ओढ्यात आकड्यांच्या खुणांचा खांब रोवला आहे. आई, मीनाबाई, रोज फोनवर खूण सांगायची, बुद्धप्रिया ती माझ्या तक्त्यात त्या दिवसाच्या चौकोनात भरायची आणि बाबा माझ्या सुरावर विसंबायचे.

यंदा भुईमुगाची काढणी लांबली. त्यातच मीनाबाई परगावी खुरपणीला गेली, आणि खुणा येईनात. मी "रिकामा, रिकामा" म्हणत राहिलो. पण सूर तुटला म्हणजे आलेख चुकला, असे इथल्या सगळ्याच मुली मानतात. बुद्धप्रियाने प्रत्येक चौकोनात जुनाच आकडा भरला. मग बाबांचा फोन आला.

"पोरी, सूर काय म्हणतोय?"

"सपाट हाय, बाबा. ऱ्हावा निवांत."

 भरलेले तेवढेच मला बोलता येते.

काल दुपारी मीनाबाई परतली. तिने ओढ्यावरून फोनवर खूण सांगितली. तो आकडा भरताच मी किंचाळलो.

"मेल्या, पुन्ना खरखरतोस व्हय!" बुद्धप्रियाने मला चापट मारली.

फोनवर आई म्हणाली, "खूण बरोबर हाय. वाट बुडाली की गं. बाबांना सांगितलं न्हाईस?"

माझ्या कळा सोडून तिने बाबांना फोन लावला. तो लागला नाही.

आज सकाळी आईचा फोन आला. "खांब दिसंना, पोरी. तुजं बाबा अजून वर आलं न्हाईत. नाव गेलीया बघाया."

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याचा स्पीकर वेळेवर दुरुस्त करा, म्हणजे त्याचे ओरडणे खोटे वाटणार नाही. आणि जे माहीत नाही, तिथे काही भरू नका. बुद्धप्रियाने आजचा चौकोन तसाच ठेवला आहे. ती पुन्हा पुन्हा त्यावर येते आणि मी सांगतो, "रिकामा."