अर्धा टक्का जास्त

हरिदासमामा मार्चअखेर निवृत्त झाले आणि पुढच्याच रविवारी दिल्लीत आर. के. पुरमच्या सेक्टर बारामधल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरसमोर छोटा मंडप घालून जेवण ठेवलं. अक्षयाचे आई-बाबा दोन दिवस आधीच साताऱ्याहून रेल्वेनं आले होते. अक्षया गुरुग्रामला नोकरीला. ती मेट्रोनं आली आणि स्टेशनपासून रिक्षा न करता चालत निघाली. पैसे वाचवायची सवयच तशी होती, आणि त्या दिवशी तर पाय जमिनीवर नव्हतेच.

अहमदाबादच्या एका संस्थेत वस्त्रकलेच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिची निवड झाली होती. महिनाअखेरीपर्यंत फी भरायची, राजीनामा द्यायचा आणि दिवसभर हेडफोन लावून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खायच्या त्या नोकरीतून सुटायचं. घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. जेवणं झाली की बाबांना बाजूला घेऊन सांगू, असं तिनं ठरवलं होतं. परवानगी मागायची नव्हती. एवढंच म्हणायचं होतं की बाबा, आता त्या ठेवी मोडा.

ठेवी बाबांच्या नावावर होत्या. पहिला पगार झाला तेव्हा बाबांनीच, म्हणजे श्रीपादरावांनी, सुचवलं होतं, "पैसे माझ्याकडे पाठवत जा. ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त मिळतो. आणि तुझ्या हाताशी राहिले तर उडतील." अक्षयाला दोन्ही पटलं. पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेला, वीजबिलसुद्धा मुदतीच्या आधी भरणारा माणूस. त्यांच्यापेक्षा सुरक्षित बँक ती कुठली? गेली चार वर्षं पगार झाला की भाडं देण्याआधी ती साताऱ्याला पैसे पाठवायची.

उरलेल्यात भागवायची. मृणाल नावाच्या मैत्रिणीनं आणखी एकीबरोबर एका उंच सोसायटीत फ्लॅट भाड्यानं घेतला होता. त्यातली स्वयंपाकघरामागची, घरकामाच्या बाईसाठी बांधलेली खोली अक्षयानं स्वस्तात घेतली. खाट टाकली की कपाटाचं दार अर्धंच उघडायचं. खिडकी होती, पण ती पाइपांच्या बोळात उघडायची. दार मागच्या जिन्यावर. नवा गार्ड आला की तिला सर्व्हिस लिफ्टकडे वळवायचा. "मॅडम लोगों की लिफ्ट उधर है." सुरुवातीला ती ओळखपत्र दाखवून भांडायची. पुढे मुकाट्यानं सर्व्हिस लिफ्टनं जायला लागली. जूनमध्ये ती ओला टॉवेल अंगावर घेऊन झोपायची. ऑफिसात सगळे शुक्रवारी बाहेर जेवायला जात, ही डबा उघडून बसे. "यार अक्षया, इतना पैसा कहाँ लेके जाएगी?" असं विचारून ते हसत. ती पण हसायची. कुठे घेऊन जाणार ते तिला माहीत होतं.

मंडपात शिरल्या शिरल्या कल्पनामामींनी तिला कवेत घेतलं आणि हातात श्रीखंडाची वाटी दिली.

"बाई गं, तुझ्यासारखी बहीण मिळायला नशीब लागतं! भावाला सगळीच्या सगळी गाडी घेऊन दिलीस. श्रीपादराव काल डोळ्यात पाणी आणून सांगत होते."

"कुठली गाडी, मामी?"

"अगं, सुयशची! आता माझ्याशी कसली लपवालपवी?"

सुयश तिचा धाकटा भाऊ, पुण्यात असतो. पाडव्याला त्यानं गाडी घेतली होती. हार घातलेल्या पांढऱ्या गाडीचा फोटो आणि खाली "ताई, यू आर द बेस्ट" असं त्यानं पाठवलं होतं. तो काय, पिझ्झा मागवून दिला तरी असंच लिहायचा. तिनं उत्तरादाखल बदाम पाठवला होता.

अक्षयानं वाटी तशीच टेबलावर ठेवली. बाबा मामांच्या ऑफिसातल्या लोकांत बसून मोडक्या हिंदीत धरणांच्या गोष्टी सांगत होते. ती त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"बाबा, जरा इकडे या."

ते हसतच उठले. तिनं त्यांना मंडपाच्या कडेला, पाण्याच्या जारपाशी नेलं.

"सुयशच्या गाडीचे पैसे कुठून दिले?"

"हा विषय आत्ता?"

"कुठून दिले, बाबा?"

"अगं, तुझे पडूनच होते."

"पडून?" तिचा आवाज चिरकला. "पडून होते?"

"हळू बोल. त्याच्यासाठी स्थळं बघतोय. दारात गाडी असली की समोरचा माणूस नीट बोलतो. कर्ज काढलं असतं तर व्याज गेलं असतं. आणि तुला काय अडलंय गं? एकटा जीव, दर महिन्याला पगार येतोय."

"सगळे दिले?"

त्यांनी जारवरचा पेला उगाच सरळ केला. "राहिलेत थोडेफार."

"तुमच्या स्वतःच्या ठेवी आहेत की. त्या का नाही मोडल्या?"

"त्या आमच्या म्हातारपणाच्या आहेत."

"मला विचारायचं तरी."

"बापानं लेकीला विचारायचं?" त्यांना हे खरोखरच चमत्कारिक वाटत होतं. तोंडावर लाज नव्हती, भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. त्या आश्चर्यानं अक्षयाच्या कानशिलांत रक्त उसळलं. चोरी पकडली गेल्यावर माणूस निदान दचकतो. हे दचकलेसुद्धा नव्हते.

तिनं तिथंच, जारपाशी, अहमदाबादचं सांगितलं. जसं सांगायचं ठरवलं होतं तसं नाहीच झालं. शब्द दगडासारखे बाहेर पडले.

"आता शिकायचं?" बाबा म्हणाले. "या वयात? विणकाम? आधी लग्नाचं बघ. घरी गेल्यावर बोलू." आणि ते मंडपात परत गेले, कारण माईकवर त्यांचं नाव पुकारलं होतं.

श्रीपादरावांना माईक आवडायचा. मेहुण्यांविषयी चार बरे शब्द बोलून ते घराण्याच्या संस्कारांवर आले. समोर बिहारचे, केरळचे, बंगालचे लोक बसलेले, म्हणून बोलणं हिंदीत चाललं होतं. "अब हमारी बेटी को ही देखो. चार साल की पूरी कमाई भाई को दे दी. हमने माँगा भी नहीं था."

टाळ्या झाल्या. शेजारच्या बाईनं अक्षयाच्या पाठीवर हात ठेवला. पहिल्या रांगेत आई मान खाली घालून पदराचं टोक चोळत बसली होती. तिच्या त्या खाली गेलेल्या मानेवरून अक्षयाला कळलं की आईला सगळं ठाऊक होतं.

ती उठून उभी राहिली. मराठीत बोलली असती तर घरातल्या घरात राहिलं असतं. तिनं मुद्दाम हिंदीत सांगितलं.

"मैंने नहीं दिए. मेरे पैसे थे, मुझसे बिना पूछे लिए गए. मुझे आज यहाँ आकर पता चला."

कुणाचा तरी चमचा ताटात वाजला. मामा पुढं धावले, "अरे, बाप-बेटी का मज़ाक है," असं काहीतरी हसून म्हणाले, आणि वाढप्यांना गरम पुऱ्या आणायला सांगितलं.

घरात आल्यावर स्फोट झाला. बाबांनी दार लावून घेतलं.

"चारचौघांत माझी अब्रू काढलीस! परक्या लोकांसमोर! तुला लहानाची मोठी केली, शिकवली, त्याचा हिशोब मागितला का मी कधी?"

"मागा. आज मागा. पण माझा पण द्या."

"अक्षया, पुरे," आई म्हणाली.

"तुला माहीत होतं ना, आई?"

आईनं पुन्हा पदराचं टोक हातात घेतलं.

"मी मोलकरणीच्या खोलीत राहते, बाबा. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी कधी सांगितलं नाही. मला तिथला गार्ड मोलकरीण समजतो. एवढं करून साठवलेले होते ते. पडून नव्हते!"

"बास!" श्रीपादराव ओरडले. "पैसा, पैसा, पैसा! उद्या फेकतो तुझ्या तोंडावर तुझे पैसे. पै न् पै!"

"किती वाजता?"

खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. असं कुणी विचारतं का? बाप रागात म्हणतो, लेक रडते, आई मध्ये पडते, मग सगळे चहा पितात, ही रीत. अक्षया रडत नव्हती. तिनं पर्स उचलली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती बँक उघडायच्या वेळेला मामांच्या दारात उभी राहिली. दार मामांनीच उघडलं. ती माफी मागायला आली आहे असं समजून त्यांचा चेहरा फुलला.

"ये, ये. शहाणी आहेस. रागात बोलतो गं माणूस."

"मीही रागातच आलेय, मामा. बाबा तयार आहेत का?"

बाबा बनियनवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. "साताऱ्याच्या शाखेत गेल्याशिवाय होत नाही ते."

"होतं. मी फोन करून विचारलंय. आधार कार्ड घ्या बरोबर."

"श्रीपादराव, पोर हट्टाला पेटलीय, तुम्ही तरी..." मामींनी सुरुवात केली. पण श्रीपादराव ताडकन उठले. शब्दाला जागणारा माणूस म्हणून साताऱ्यात त्यांची ख्याती होती, आणि काल शब्द सगळ्या घरानं ऐकला होता. त्यांनी शर्ट चढवला, एक बटण चुकलं, ते तसंच राहिलं.

बँकेत खुर्चीवर एक तरुण बाई होती. तिनं कॉम्प्युटरवर श्रीपादरावांच्या म्हातारपणाच्या ठेवी पाहिल्या. "अंकल, अभी तोड़ेंगे तो ब्याज कम मिलेगा. पक्का?"

"पक्का," अक्षया म्हणाली.

"आपसे नहीं, अंकल से पूछ रही हूँ."

श्रीपादराव बराच वेळ काचेवरच्या जाहिरातीकडे बघत राहिले. तिच्यात एक हसरं म्हातारं जोडपं समुद्राकाठी बसलं होतं. "हाँ," ते अखेर म्हणाले. बाईनं सहज विचारलं, "बेटी की शादी है?"

"नहीं," अक्षया म्हणाली. "बेटे की गाड़ी थी."

बाईनं फॉर्म पुढं सरकवला. फॉर्मवरची सही जुळेना. दुसरा फॉर्म आणावा लागला. पुन्हा सही करणाऱ्या त्या हाताकडे बघताना अक्षयाला त्यांची दया आली. याच हातानं तिला सायकल शिकवली होती. आणि आपल्याला दया येतेय याचाच तिला आणखी राग आला. पैसे आपले, फसवणूक आपली झाली, आणि वर अपराधीही आपणच वाटून घ्यायचं? तिनं नजर काढून घेतली आणि आपल्या खात्याचा नंबर बाईला मोठ्यानं, स्पष्ट वाचून दाखवला.

"झालं समाधान?" बाहेर आल्यावर बाबा म्हणाले.

"नाही."

"आता आणखी काय पाहिजे?"

"तुम्ही चुकलात एवढं म्हणा."

ते रस्त्याकडे वळले आणि रिक्षाला हात करू लागले. रिक्षावाल्यानं त्यांचं हिंदी ऐकून दुप्पट भाडं सांगितलं, आणि ते बसायलाही निघाले. अक्षया पुढं झाली. "भैया, सेक्टर बारह ही तो है, लूट मची है क्या?" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारचा चहावाला वळून बघायला लागला. कालपासूनचं सगळं तिनं त्या बिचाऱ्यावर काढलं. भाडं निम्म्यावर आलं. श्रीपादराव बसले आणि तिच्याकडे न बघता निघून गेले.

संध्याकाळपर्यंत तिचे सगळे साडेचार लाख तिच्या खात्यावर आले. तिनं फी भरली, त्याच आठवड्यात राजीनामा दिला. मृणालनं केक आणला. सुयशचा फोन आला. "बाबा म्हणाले होते तूच दिलेस. मला खरंच माहीत नव्हतं, ताई. मी बाबांना दर महिन्याला परत करीन." तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला. पण "मला निदान एक फोन करायचास, सुयश," एवढं म्हटल्यावाचून तिला राहवलं नाही. बाबांनी मात्र बोलणं टाकलं. आई दर आठवड्याला फोन करायची, तोही गच्चीवर जाऊन.

थंडीच्या सुरुवातीला अहमदाबादच्या वसतिगृहात कल्पनामामींचा फोन आला. एका लग्नात सगळे भेटले होते म्हणे.

"श्रीपादराव सगळ्यांना अभिमानानं सांगत होते हो. मुलीला शिकवायला स्वतःच्या ठेवी मोडल्या म्हणाले. या काळात कोण बाप करतो इतकं?"

"मामी, तुम्ही बँकेत जाताना बघितलंत आम्हाला. तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

"मी कशाला पडू बाई मध्ये?"

अक्षयानं फोन ठेवला आणि कित्येक महिन्यांनी बाबांचा नंबर लावला. त्यांनी उचलला.

"बाबा, ते पैसे कुणाचे होते?"

पलीकडे टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. "तिकडे थंडी पडली का?" त्यांनी विचारलं.

"मी काय विचारलं?"

बातम्या तशाच ऐकू येत राहिल्या. मग "घे, तुझी लेक," असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला. आईनं तो कानाला लावला. मग, या वेळी गच्चीवर न जाता, बाबांच्या देखतच म्हणाली, "तुझेच होते. परवा लग्नात मी गप्प बसले. पुन्हा नाही बसायची."

पलीकडे टीव्हीचा आवाज एकदम वाढला.

"तू आता रागावू नकोस," आई म्हणाली.

"मी रागावणार, आई."

"बरं," आई म्हणाली. "रागाव."