व्यापाऱ्याचा मुलगा

कौशिक साळवी अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या विधानसभेवर निवडून आला, तेव्हा सोहार औद्योगिक वसाहतीत त्याच्या वडिलांनी अख्ख्या कारखान्याला हलवा वाटला. गजेंद्र मूळचे देवरुखकडचे. पस्तीस वर्षं ओमानात वायरमन, आधी मस्कतला, मग सोहारला. मुलगा मस्कतला शिकला, स्कॉलरशिपवर अमेरिकेला गेला, तिथे औषधांचं दुकान काढलं. आधी तिथल्या गावच्या शाळामंडळावर आला, मग आमदार झाला.

त्याच निवडणुकीच्या, दोन हजार चौदाच्या प्रचाराचा व्हिडिओ सुपरवायझर हसननेच जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर लावला. कौशिक इंग्रजीत सांगत होता, "माझे वडील मस्कतचे मोठे व्यापारी. धंदा मी त्यांच्याकडून शिकलो."

हसन एवढंच म्हणाला, "अर्बाब, तू तर शेठ निघालास, आम्हाला कधी बोलला नाहीस."

बाकीचे हसले. गजेंद्र मान खाली घालून केबलचं टोक सोलत राहिले. त्यानंतर मुलाचा फोन आला की ते तो न बोलता बायकोच्या, शीलाच्या हातात देत.

दोन हजार सोळात विरोधकांनी खरं शोधून काढलं. बाप वायरमन, मुलगा खोटारडा, अशी पत्रकं घरोघरी गेली. कौशिक पडला. डिसेंबरात तो सोहारला आला.

"वायरमनचा मुलगा म्हणवून घ्यायची लाज वाटली तुला?" गजेंद्रनी विचारलं.

कौशिक म्हणाला, "बाबा, नववीच्या ॲडमिशनच्या फॉर्मवर 'बिझनेस' तुम्ही लिहिलंत. कोणी विचारलं तर हेच सांगायचं, असं बजावलंत. शाळेत यायचात तेव्हा कंपनीच्या गणवेशाच्या डांगरीवर शर्ट चढवून यायचात. मी सांगत राहिलो. पुढे थांबताच आलं नाही."

गजेंद्रना तो शर्ट आठवला. निळा, चौकड्यांचा.

"फॉर्मवर सही माझीपण होती," शीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गजेंद्र कौशिकला कारखान्यात घेऊन गेले. मोडक्यातोडक्या हिंदीत हसनला म्हणाले, "धंद्याचं खोटं माझं. मीच शिकवलं याला."

"खलास, चाचा, झालं गेलं संपलं," म्हणत हसनने कौशिकला खुर्ची दिली आणि चहा मागवला.

सांगून टाकल्यावर हलकं वाटेल, असं गजेंद्रना वाटलं होतं. तसं झालं नाही. चहा संपेपर्यंत त्यांना ना हसनकडे बघवलं, ना मुलाकडे.

परत निघताना विमानतळावर ते कौशिकला म्हणाले, "पुन्हा उभा राहा. या वेळी खरं सांग."

"आता कोण ऐकणार, बाबा," तो म्हणाला, आणि वाकून पाया पडला.