मार्लिसचं जहाज

सोमवारी सकाळी व्हॅनमधून उतरल्या उतरल्या मार्लिसनं चाकाची खुर्ची थेट चित्रांच्या खोलीकडे वळवली. कॉफी नको म्हणाली, अंगातला कोटही काढला नाही. अमेरिकेतल्या डलुथ गावातल्या त्या अपंगांच्या केंद्रात ती कितीतरी वर्षं दिवसभरासाठी येत होती. जन्मापासून तिचे हात तिचं ऐकत नसत. ब्रश मनगटाला पट्ट्यानं बांधून घ्यावा लागे, आणि तरी हात मधेच भलतीकडे झटका मारायचा. पण या वेळी जमलं होतं. अख्खा हिवाळा खपून तिनं गावाजवळच्या समुद्राएवढ्या तलावातलं एक जहाज काढलं होतं. धुक्यातून पुढे येणारं, तांबडं, अजस्र. तिचे वडील खनिज वाहून नेणाऱ्या ज्या जहाजांवर राबले, तसलं. त्यात एकही रेघ सरळ नव्हती, पण जहाज चालत होतं.

चित्र भिंतीवर लागलं होतं, खाली तिच्या नावाची चिठ्ठी. आणि जहाज थांबलं होतं. कुणीतरी त्याच्या कडा सरळ केल्या होत्या. पांढऱ्या खिडक्यांची रांग आली होती, धुक्याच्या जागी निळंशार पाणी होतं, आणि वर दोन पक्षी.

कुणी केलं हे विचारायलाच नको. ग्रेचेन ही चित्रकलेची नवी बाई. कामसू, मनानं चांगली, सुट्टीतही येऊन राबणारी. दुसऱ्या दिवशी गावातले लोक आणि घरची मंडळी केंद्र बघायला येणार होती. मार्लिसनं तिला दारातच गाठलं. पण चिडली की मार्लिसचे शब्द घशात अडकत. ‘पक्षी’ एवढाच एक बाहेर पडला. ग्रेचेनला वाटलं, पक्षी आवडले. तिनं मार्लिसचा खांदा थोपटला आणि ती खुर्च्या मांडायला पळाली.

त्या दिवशी मार्लिस एका जागी ठरली नाही. गाण्याच्या तासातून मधेच निघून आली, जेवण अर्धं टाकलं, पुन्हा पुन्हा त्या भिंतीपाशी जाऊन आली. दुपारी ती एल्सवर्थच्या मागाजवळ जाऊन थांबली. एल्सवर्थ पूर्वी बसगाड्या दुरुस्त करायचा; साखरेच्या आजारानं डोळे गेले, तेव्हापासून इथे मफलर विणायचा. चित्र कुठवर आलं ते मार्लिस त्याला नेहमी सांगायची.

“मग, कुठं पोचलं आपलं जहाज?” त्यानं विचारलं.

“खिडक्या... आल्यात.”

“खिडक्या कसल्या? शुक्रवारपर्यंत तर नुसतं धुकं होतं.”

मग तिनं सगळं सांगितलं. पुष्कळ वेळ लागला. त्यानं मधे तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाला, “मला सांगून काय होणार, बाई? तिला सांग.”

मार्लिसनं सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणाली, आणि रात्रभर स्वतःवरच चरफडत राहिली.

मंगळवारी पाहुण्यांबरोबर तिची बहीण सिग्ने आली. मार्लिस तिच्याच घरी राहायची. सिग्ने चित्रासमोर उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. “अगं मार्लिस, हे तू काढलंस? बाबा आज असायला हवे होते.”

“नाही,” मार्लिस म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “हे मी... नाही काढलं.”

आसपासचं बोलणं थांबलं. ग्रेचेन लगबगीनं आली. तिचा चेहरा लाल झाला होता. “मी फक्त जरासा हात फिरवला गं. लोकांनी हसू नये म्हणून.”

“हसू... देत,” मार्लिस म्हणाली. “जहाज माझं होतं.”

ग्रेचेन भिंतीकडे वळली. तिनं चित्र उतरवलं आणि ओल्या फडक्यानं पक्षी पुसायला घेतले. पक्षी गेले, पण फडक्याबरोबर खालचं तांबडंही निघून आलं, आणि बघता बघता सगळ्याचा चिखल झाला. ग्रेचेनला रडू फुटलं. मार्लिसला रडूही येईना. तिनं कोरा कागद मागितला.

सगळ्यांच्या देखत तिनं सुरुवात केली. हातानं झटका मारला तसा रंग सिग्नेच्या जाकिटावर उडाला. काही पाहुण्यांना बघवेना; ते केकच्या टेबलाकडे सरकले. काही थांबले. सिग्ने तिचा हात धरायला पुढे झाली आणि मधेच थबकली.

“काय चाललंय, कुणी सांगेल का मला?” एल्सवर्थ मागावरून ओरडला.

“तांबडं काहीतरी आहे,” सिग्ने चाचरत म्हणाली. “तिरकं.”

“आणि धुकं?”

“धुकं...” सिग्ने वाकून बघू लागली. “कसलं धुकं, मार्लिस?”

कागदावरून एक ओघळ खाली निघाला. ग्रेचेनचा हात आपोआप फडक्याकडे गेला. “पुसू?” तिनं विचारलं.

“नको.”

ओघळ टेबलापर्यंत गेला. जहाजाचा पुढचा भाग जड झाला होता, धुकं काही केल्या उतरत नव्हतं, आणि तेवढ्यात बाहेर व्हॅन आली. मार्लिस जागची हलेना. तिला सिग्नेनं ढकलतच बाहेर नेलं. गाडीत खुर्चीचे पट्टे आवळले जात असतानाही ती मान वळवून मागेच बघत होती.

“उद्या... लवकर यायचं,” ती म्हणाली.

“उद्या केंद्र बंद आहे, मार्लिस.”

“मग परवा. लवकर.”