मिस लॉकरिजचा उजवा कान

मी एक जुना काळा टेलिफोन आहे, मित्रांनो. आता सामानाच्या कोठारात धूळ खात पडलो आहे. पण हॉलिवूडच्या एका मोठ्या स्टुडिओत मी नऊ वर्षे व्हर्ना लॉकरिज या नटीच्या मेकअपच्या खोलीत होतो. सारे जग तिच्या डोळ्यांचे कौतुक करी. मला मात्र तिचा कान ठाऊक होता.

ती मला नेहमी उजव्या कानाला लावायची. डाव्या कानाने तिला ऐकूच येत नव्हते. हे फक्त मला आणि तिचा मेकअप करणाऱ्या झोफियाला माहीत होते. पोलंडहून आलेली ही झोफिया चित्रीकरणात कॅमेऱ्याशेजारी उभी राहायची आणि दिग्दर्शकाने हाक दिली की हळूच रुमाल हलवायची.

व्हर्नाचा स्टुडिओशी नवा करार आठवड्यावर आला होता आणि एका सकाळी वर्तमानपत्रात छापून आले: ‘लॉकरिज बहिरी?’

“तुझ्याशिवाय कोणाला माहीत होतं, झोफिया?”

“मी नाही सांगितलं, मॅडम.”

“मग जेवणाच्या सुट्टीत फोनवर कोणाशी कुजबुजतेस? मी आले की पटकन ठेवतेस!”

झोफियाने मान खाली घातली. “ते नाही सांगता येणार.”

खरे सांगतो, मलाही तिचाच संशय होता. ती पोलिश भाषेत बोले. मला एक अक्षरही कळत नसे, पण मध्येच ‘लॉकरिज’ हे नाव हमखास येई. त्याच दुपारी तिची नोकरी गेली.

मग व्हर्नाला सगळेच चोर दिसू लागले. ड्रायव्हर आरशातून का बघतो? केस विंचरणारी गालात का हसते? चौथ्या दिवशी तिने मला उचलले. प्रसिद्धी खात्याच्या हॅस्केलची आणि आमची लाइन एकच होती. तो एका पत्रकाराशी बोलत होता.

“शनिवारी आणखी थोडं छाप. मी तिला डावीकडून तीनदा हाक मारून बघितली, ढिम्म! आता घाबरेल आणि ठेवू त्या कागदावर मुकाट सही करेल.”

व्हर्नाने मला खाली ठेवले. मग झोफियाचा नंबर फिरवला.

“चुकलं माझं. परत ये गं.”

“आमच्या गावचे एक कानाचे डॉक्टर इथं आहेत, मॅडम. तुमच्यासाठी त्यांना विचारत होते. इलाज नाही म्हणाले. ते तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू? नऊ वर्षं मी तुमच्या डाव्या बाजूला बसले. तिथून काहीही पुटपुटले असते तरी तुम्हाला कळलं नसतं. कधी नाही पुटपुटले. एवढं तरी आठवायचं होतं.”

तिने फोन ठेवला. ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी व्हर्नाने पत्रकारांना बोलावून आपल्या कानाचे स्वतःच सांगून टाकले. तिने सही केली नाही. करार गेला. पुढे रेडिओवरच्या नाटकांत तिने नाव काढले; तिथे एक कान पुरला. पण स्टुडिओ सोडेपर्यंत ती रोज झोफियाचा नंबर फिरवायची. घंटा वाजत राहायची.

मित्रांनो, मला पुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. पण आपल्या माणसाबद्दल मनात संशय आला, तर आधी त्याची सगळी वर्षे आठवा. मी जन्मभर ऐकण्याचेच काम केले, तरी झोफियाच्या बाबतीत मलाही चुकीचेच ऐकू आले.