कापसाचे पोट

मित्रांनो, मी एक जुने पोट आहे. खरेखुरे नव्हे, कापसाचे. १९५८ साली बंगळूरच्या चिकपेटेत विठोजी शिंप्यांनी मला शिवले. मांजरपाटाचे दोन थर, आत पिंजलेला कापूस आणि पाठीशी बांधायला चार नाड्या.

सिनेमात खलनायक होणारे नागनाथ अंगाने काडीसारखे होते. दिग्दर्शक भीमाचार्यांना ते चालेना. "दुष्ट माणूस जाडच हवा. नाहीतर लोकांना कळणार कसं?" म्हणून मी जन्माला आले.

नागनाथांच्या अंगावर चढून मी दुष्ट सावकार झाले, जमिनी बळकावल्या, विधवांना घराबाहेर काढले. शेवटी रुंद छातीचा नायक मला ठोसा मारी आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणून जाई. ती माझीच वाहवा, असे मला वाटे.

विठोजी स्वतः चांगलेच जाड होते. उरलेल्या कापडाची चिंधीसुद्धा गिऱ्हाइकाला परत करणारा माणूस! पण सिनेमा लागल्यापासून गल्लीतली मुले त्यांना पाहून ओरडत, "पळा, सावकार आला!" विठोजी हसून सोडून देत.

एके दुपारी ते स्टुडिओत माझी उसवलेली शिवण घालत बसले होते. शेजारी त्यांची दहा वर्षांची अलका होती. समोर नागनाथ माझी वाट पाहत होते. अलका खाली मान घालून म्हणाली, "अप्पा, उद्या शाळेत माझं गाणं आहे. तुम्ही येऊ नका. मुली म्हणतात, तुझे अप्पा सिनेमातल्यासारखे वाईट असणार."

विठोजींची सुई थांबली. "सरी, पुट्टी. बरं, बाळ, नाही येत," एवढेच ते म्हणाले. त्यांचे टाके कधी वाकडे पडत नसत. त्या दिवशी पडले.

दुसऱ्या दिवशी नागनाथांनी मला कागदात गुंडाळले आणि विठोजींच्या दुकानात आणले. "चला, अण्णा."

"नको हो. पोरगीला लाज वाटते."

"लाज मला वाटायला हवी. स्वल्प, थोडंसं ऐका माझं."

शाळेच्या अंगणात नागनाथांनी सदऱ्यावरून मला बांधले. "सावकार!" मुली किंचाळल्या. मग त्यांनी सर्वांसमोर नाड्या सोडल्या आणि मला मुलींच्या हाती दिले. "दाबून बघा. कापूस आहे. अलकाच्या अप्पांनी शिवलंय हे पोट. सिनेमात वाईट वागतो तो मी, हा काडीपैलवान!"

मुली मला दाबून दाबून हसल्या. अलका मात्र हसली नाही. ती धावत फाटकाशी गेली. तिथे विठोजी आत यावे की नाही, या विचारात उभे होते. तिने त्यांचा हात धरला आणि ओढत आणून पहिल्या बाकावर बसवले. गाणे म्हणताना ती त्यांच्याकडेच पाहत होती.

भीमाचार्य काही बदलले नाहीत. "लोकांना सवय झालीय," म्हणाले. आणखी चार वर्षे मी बांधले गेले. पण शिट्ट्या वाजल्या की मला आता चिकपेटेतली ती गल्ली आठवे. पुढे मला एका पेटीत टाकले. अर्धा कापूस उंदरांनी नेला.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. पडद्यावर एखादा जाड माणूस आला, तर लगेच त्याला वाईट ठरवू नका. आधी त्याला काही करू तर द्या.